शड्डू ठोकण्याआधी : लहान मुलाला कुस्ती-कराटेला कधी घालावं?

१. वय किती, हा अर्धाच प्रश्न

वार्षिक परीक्षा उरकत आल्या की उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. कराटे, तायक्वांदो, लाठीकाठी, दांडपट्टा. आणि खाली बारीक अक्षरांत 'वय ४ वर्षांपासून पुढे'. सोलापूर शहरातल्या या जाहिराती मोबाइलवरून वीसेक किलोमीटरवरच्या वळसंगला पोचायला वेळ लागत नाही. मग घरात प्रश्न निघतो : पोरगं पाच वर्षांचं झालंय, घालायचं का?

एकमत होत नाही. आजोबा म्हणतात, "कराटे कशाला? तालमीत पाठवा. माती लागली की अंग भरतं." आईला काळजी हाताची आणि दाताची. वडिलांना वाटतं, फार मस्ती करतो, तिथं जरा वळण लागेल. आणि मुलगी असेल तर आजी म्हणते, "काळ वाईट आहे, तिला चार हात मारता आले पाहिजेत." चौघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण चौघं चार वेगळ्या गोष्टी मागताहेत. कुणाला ताकद हवी, कुणाला सुरक्षितता, कुणाला शिस्त, कुणाला संरक्षण. एकाच वर्गातून या चारही गोष्टी एका वयात मिळत नाहीत, हे आधी लक्षात घ्यायला हवं.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं मत असं आहे, की शिक्षक, रांग, नियम आणि ठरलेली वेळ असलेल्या खेळासाठी बहुतेक मुलं सहाव्या वर्षाच्या आसपास तयार होतात. आपल्याकडे मात्र खाशाबा जाधवांचं उदाहरण दिलं जातं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, आणि ते स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरलं. त्यांचे वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते आणि त्यांनी पाचव्या वर्षीच मुलाला कुस्तीला लावलं, असं सांगतात.

मग पाच खरं की सहा? दोन्ही खरं. घरच्या माणसाबरोबर मातीत लोळणं आणि अनोळखी सरांपुढे पंचवीस-तीस पोरांच्या रांगेत उभं राहणं, या दोन्हींना लागणारी तयारी वेगळी असते. पाचव्या वर्षी बापाबरोबर मातीत उतरलेल्या मुलाला लगेच वर्गात बसवता येईलच असं नाही. म्हणून नुसतं वय विचारून भागत नाही. तीन गोष्टी बघाव्या लागतात : शरीर काय पेलेल, सांगितल्याबरोबर थांबता येतं का, आणि ज्या वर्गात घालायचं तो लहान मुलांना सांभाळू शकतो का. माझ्या मते यातली मधली सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच कुणी तपासत नाही.

२. तालमीतलं पहिलं वर्ष

आजोबांच्या म्हणण्यापासून सुरुवात करू, कारण जुन्या तालमीत या प्रश्नाचं उत्तर कुणी न लिहिता तयार झालेलं होतं.

हौद्यातली माती साधी नसते. चाळलेल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असं घालून ती मुरवतात, आणि मेहनतीआधी खोऱ्यानं उकरून भुसभुशीत करतात. लहान पोरगं तिथं येतं ते बहुधा बापाच्या नाहीतर थोरल्या भावाच्या मागून. त्याला कुणी लगेच जोड देत नाही. आधी मातीला हात लावून नमस्कार, मग कडेला बसून बघणं. मग माती उकरणाऱ्यांच्या मधे लुडबुड, कोलांटउड्या, चार जोर, चार बैठका. दमलं की पुन्हा कडेला. पडायची भीती गेली की एखादा थोरला पैलवान गुडघ्यावर बसतो, पोराला आपला पट काढू देतो आणि मुद्दाम चितपट होतो. पोरगं शड्डू ठोकत हौद्याभोवती फेरी मारतं. असे कितीतरी दिवस गेल्यावर वस्ताद त्याच्या अंगाजोगा दुसरा पोरगा शोधतात.

यात एक क्रम आहे. आधी बघणं, मग लोळणं, मग पडणं, आणि सगळ्यात शेवटी दुसऱ्याला धरणं. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्यूदोची शाळा काढली. ज्यूदोतही नवख्याला आधी पडायला शिकवतात : हनुवटी छातीकडे, हात जमिनीवर सपाट, डोकं वर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावातल्या आंको इतोसू यांनी कराटे शाळांमध्ये नेलं, तेव्हा त्यांनी जुन्या अवघड हालचालींमधून विद्यार्थ्यांसाठी सोपे, आखीव क्रम रचले. ते 'पिनान' या नावानं आजही शिकवले जातात. एकमेकांची माहिती नसताना कोल्हापूरच्या वस्तादांनी आणि जपानी गुरूंनी मुलाला सुरुवातीला मारामारीपासून लांब ठेवलं, याचं मला फार मोल वाटतं.

आजच्या पंधरा दिवसांच्या शिबिराची अडचण इथंच होते. शेवटच्या दिवशी पालकांना प्रात्यक्षिक दाखवायचं असतं, म्हणून पहिल्या तीन पायऱ्या गाळल्या जातात. पोरगं पहिल्याच आठवड्यात लाथ मारायला शिकतं. पडायला शिकायचं राहून जातं.

३. हाडाचं कोवळं पेर

आता आईच्या काळजीकडे येऊ. मुलाच्या हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ पट्टी असते. हाड तिथं लांबीनं वाढतं. वाढ पुरी झाली की ही पट्टी स्वतःच हाड होऊन जाते. मुलींमध्ये साधारण चौदा-पंधराव्या वर्षाच्या सुमारास, मुलग्यांमध्ये त्यानंतर दोनेक वर्षांनी. तोवर ती आजूबाजूच्या हाडापेक्षा आणि सांध्याच्या बंधांपेक्षाही नाजूक असते. दक्षिण सोलापुरात ज्वारी न पाहिलेला माणूस सापडायचा नाही. भरात वाढणारं ताट वाऱ्यात मोडतं ते पेरापाशी, कारण वाढ तिथंच चाललेली असते आणि तो भाग कोवळा असतो. मुलाच्या मनगटाचं, कोपराचं, गुडघ्याचं तसंच आहे. ज्या हिसक्यानं मोठ्या माणसाचा सांधा फक्त मुरगळेल, त्या हिसक्यानं मुलाच्या या पट्टीला इजा होऊ शकते, आणि ती दुर्लक्षित राहिली तर हाड आखूड किंवा तिरकं वाढण्याचा धोका असतो. म्हणून पडल्यावर मनगट सुजलं, दुसऱ्या दिवशीही मूल त्या हातानं ताट उचलेना, तर लेप लावून वाट बघू नये, एक्स-रे काढावा.

यावरून काय टाळायचं ते सरळ निघतं. लहान मुलानं मुठीवर जोर मारायचे नाहीत, कौलं-फरश्या फोडायच्या नाहीत, जड बॅगेवर ताकदीनं ठोसे मारायचे नाहीत. सांधे पिरगळण्याचे डाव नकोत. पाय ताणून बसवताना मागून कुणी खांदे दाबत असेल तर तिथून मूल उचलून आणावं.

डोक्याचा हिशेब वेगळा आहे. जन्मतः बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढं असतं, मोठ्या माणसात ते आठव्या हिश्शाच्या आसपास येतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू आकारानं जवळजवळ पुरा झालेला असतो, पण त्याला पेलणारी मान अजून बारीक असते. डोक्याला धक्का बसला की मेंदू कवटीच्या आत हलतो, आणि बाहेरून घातलेलं शिरस्त्राण हे हलणं थांबवू शकत नाही. ते कातडी फुटू देत नाही, दातांची-कवटीची इजा कमी करतं, एवढाच त्याचा उपयोग. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये मुलांच्या युद्धकलांवर एक अहवाल काढला. त्यात स्पष्ट सांगितलंय, की सुरुवात दुसऱ्याला न लागणाऱ्या प्रकारांनी करावी, प्रत्यक्ष लढत मुलाची शारीरिक आणि मानसिक तयारी दिसल्यावरच सुरू करावी, आणि डोक्यावर मार घेणं-देणं टाळावं. टोप्या घातल्यात, मग खेळू द्या बिनधास्त, असं कुणी सर म्हणाले तर त्यांना हे नम्रपणे सांगायला हरकत नाही.

अंगाची तयारी बघायला दवाखाना लागत नाही. अंगणात लंगडी घालायला सांगा. साधारण पाचव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांना एका पायावर सलग काही उड्या मारता येतात. आधी उजव्या पायावर, मग डाव्या. तोल जातो का, मधेच दुसरा पाय टेकतो का, वळताना पडतं का, ते बघा. नंतर गोधडीवर कोलांटउडी : हनुवटी आत घेतं का, की डोक्याच्या टाळूवर भार देतं? या दोन्ही गोष्टी सहज जमत असतील तर शरीर शिकायला तयार आहे. दमा, फिट्स, हर्निया, हृदयाचा काही त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

आणि सोलापूरचा उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे असतो. पत्र्याच्या हॉलमध्ये दुपारी चारचा वर्ग म्हणजे लहान मुलाची परीक्षाच. मुलं खेळाच्या नादात पाणी मागत नाहीत. दर पंधरा-वीस मिनिटांनी सगळ्यांना पाणी प्यायला लावणारा शिक्षक असेल तरच उन्हाळ्यात घालावं.

४. सांगितल्याबरोबर थांबता येतं का?

हा या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून इथं जरा रेंगाळू.

युद्धकलेच्या वर्गात मूल दुसऱ्या मुलाच्या अंगावर हात-पाय टाकतं. तो सुरक्षित खेळ राहतो तो केवळ एका अटीवर : 'थांब' म्हटलं की हात जिथं आहे तिथं थांबला पाहिजे. ताकद, लवचीकपणा, धाडस यांतलं काही कमी असलं तरी चालतं. हे नसेल तर चालत नाही. चालू असलेली हालचाल अडवण्याचं काम मेंदूचा कपाळामागचा भाग करतो. तो पूर्ण पिकायला पंचविशी उजाडते, पण तीन ते सात या वर्षांत त्याच्यात मोठी झेप दिसते. म्हणूनच साडेतीन वर्षांचं आणि सहा वर्षांचं पोर यांत एवढं अंतर वाटतं.

ही झेप घेतली का, हे ओळखायची साधनं आपल्या गल्लीतच आहेत. 'शिवाजी म्हणतो' हा खेळ घ्या. 'शिवाजी म्हणतो, हात वर' म्हटलं तर हात वर करायचे. नुसतं 'हात वर' म्हटलं तर करायचे नाहीत. साडेतीन-चार वर्षांचं मूल बहुधा सगळंच करून टाकतं. त्याला नियम तोंडपाठ असतो, पण हात ऐकत नाहीत. पाचाच्या पुढे हळूहळू ते अडखळून सावरायला लागतं. सहा-सात वर्षांचं मूल स्वतः तर थांबतंच, वर दुसऱ्याची चूक पकडायला टपून बसतं. दहा हुकूम द्या, त्यांतले चार फसवे ठेवा. चारपैकी तीन वेळा मूल थांबलं, तर रांगेतल्या शिक्षणासाठी ते तयार आहे असं समजायला हरकत नाही.

'विष-अमृत' याहून पुढची गोष्ट दाखवतं. विष दिलेल्यानं जागच्या जागी उभं राहायचं, कुणी अमृत देईपर्यंत. तुमचं मूल उभं राहतं का, की 'मला लागलंच नाही' म्हणून भांडतं? दोन मिनिटं कुणी सोडवायला आलं नाही तर रडतं का? हरल्यावर कडेला उभं राहून दुसऱ्यांचा खेळ बघता येणं ही वर्गात रोज लागणारी गोष्ट आहे, कारण तासातला बराच वेळ आपली पाळी येण्याची वाट बघण्यातच जातो.

तिसरी परीक्षा घरातली. वडिलांनी गादीवर मुलाशी लुटुपुटूची कुस्ती खेळावी. खेळ अगदी रंगात आला, पोरगं हसून हसून बेभान झालं, की मधेच म्हणावं, "बास!" पकड सुटते का? लगेच सुटते, की तिसऱ्यांदा ओरडल्यावर? की 'बास' ऐकून आणखी चेव येतो? एका दिवसावरून काही ठरवू नका. आठवडाभर वेगवेगळ्या वेळी बघा, भुकेलं असताना आणि दमलेलं असतानाही. पाचातल्या चार वेळा पहिल्या हाकेला पकड सुटली, तर दुसऱ्या मुलाबरोबर जोडीनं सराव करायला ते तयार आहे.

समजा, एका घरात दोन भावंडं आहेत. मुलगा सात वर्षांचा, दांडगा, लंगडीत गल्लीत पहिला. पण 'बास' म्हटलं की आणखी जोरानं आवळतो. बहीण पावणेसहाची, अंगानं बारीक, पण खेळात सांगितल्याबरोबर थांबते आणि समोरच्याला लागलं तर जाऊन विचारते. घरचे सहसा मुलाला घालतील आणि मुलगी अजून लहान आहे म्हणतील. मी उलटा सल्ला देईन. मुलगी आज जोडीचा सराव करू शकेल. मुलाला वर्गात घालायला हरकत नाही, पण काही महिने फक्त एकट्यानं करायच्या हालचालींपुरतं.

मुलाला वर्ग वर्ज्य नाही, कारण थांबायला शिकवता येतं. अमेरिकेत २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बालवाडी ते पाचवीच्या मुलांचे दोन गट केले. एकाला तीन महिने नेहमीचा शारीरिक शिक्षणाचा तास दिला, दुसऱ्याला पारंपरिक पद्धतीचं तायक्वांदो. तायक्वांदोच्या गटात स्वतःवर ताबा ठेवण्याची क्षमता अधिक सुधारलेली दिसली. म्हणजे 'तिथं वळण लागेल' ही वडिलांची आशा पोकळ नाही. पण ती कोणत्या वर्गात फळाला येते, ते पुढे बघू.

वळसंगच्या पट्ट्यातल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. इथं अनेक घरांत कन्नड बोलतात, शाळेत मराठी असते, आणि कराटेच्या वर्गात आकडे आणि हुकूम जपानी. पाच वर्षांचं मूल 'थांब' ऐकून थांबलं नाही, तर ते बेशिस्त आहे असा शिक्का मारण्याआधी त्याला शब्द कळला का, ते विचारावं. पहिले पंधरा दिवस शिक्षकांनी घरच्या भाषेतला शब्द सोबत वापरला तर मुलांची अर्धी भीती जाते.

आणि मुलाला स्वतःला जायचंय का? दोन दिवस नुसतं कडेला बसून वर्ग बघू द्यावा. बुजरं मूल बघता बघता शिकत असतं. घरी येऊन त्यानं आरशासमोर हात फिरवून पाहिला, तर त्याचं उत्तर मिळालं.

५. अकरा महिने आणि आठ किलो

एकाच वयाची मुलं म्हणजे सारखी मुलं, हा गैरसमज आहे. 'सहा वर्षांचे' म्हणून एका गटात घातलेल्या दोघांपैकी एक नुकताच सहा पूर्ण झालाय, म्हणजे ७२ महिन्यांचा. दुसरा पुढच्या महिन्यात सात पूर्ण करेल, म्हणजे ८३ महिन्यांचा. अकरा महिन्यांचा फरक म्हणजे धाकट्याच्या आयुष्याचा १५ टक्के. चाळीस वर्षांच्या माणसासाठी हा फरक सहा वर्षांचा झाला असता.

वजनाचं गणित याहून कडक आहे. सात वर्षांचा एक मुलगा १८ किलोचा, दुसरा २६ किलोचा, हे आपल्याकडे सर्रास दिसतं. फरक फक्त आठ किलो. पण १८ किलोच्या मुलासाठी समोरचा ४४ टक्क्यांनी जड आहे. साठ किलोच्या बापाला ८६ किलोच्या पैलवानासमोर उभं केल्यासारखं. वस्ताद 'अंगाजोगा' जोड का शोधायचे, ते या एका हिशेबात येतं. वर्गात जोड्या पट्ट्याच्या रंगावरून लावतात की वजन बघून, हे नक्की विचारा.

६. वर्ग लहान मुलांसाठी तयार आहे का?

१९८६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला या विषयात फार महत्त्वाचा वाटतो. गुन्हेगारीकडे झुकलेल्या किशोरवयीन मुलांच्या एका गटाला सहा महिने पारंपरिक तायक्वांदो शिकवलं : हालचालींबरोबर ध्यान, आदर, संयम यांची शिकवण. दुसऱ्या गटाला फक्त लढण्याचं तंत्र शिकवलं. पहिल्या गटाची आक्रमकता कमी झाली, दुसऱ्याची वाढली. कला तीच, फरक शिकवण्याचा. म्हणून कराटे चांगलं की कुस्ती, ज्यूदो चांगलं की तायक्वांदो, यावर घरात वाद घालण्यापेक्षा गावात किंवा जवळपास जो शिक्षक आहे त्याचा एक तास बसून बघावा.

बघायचं काय? आधी संख्या मोजा. तास साठ मिनिटांचा, मुलं तीस, शिक्षक एक. प्रार्थना, रांगा, अंग मोकळं करणं यांत वीस मिनिटं गेली. उरली चाळीस, म्हणजे २,४०० सेकंद. तिसांत वाटले तर प्रत्येकाला ८० सेकंद. मुलं बारा असतील तर तेच २०० सेकंद, तीन मिनिटांहून जास्त. आठ-दहा वर्षांच्या मुलाला ८० सेकंदांत निभावता येईल. पाच-सहा वर्षांच्या मुलाचं चुकीचं पाऊल तोवर पक्कं झालेलं असतं.

मग जमीन. फरशीवर सतरंजी म्हणजे मॅट नव्हे. पडणं शिकवायचं असेल तर जाड मॅट किंवा नीट उकरलेली माती हवीच.

मग शिक्षकाचा आवाज आणि हात. चुकलेल्या मुलाला तो सगळ्यांसमोर काय म्हणतो? मार देतो का? रडणाऱ्या मुलाला 'मुलीसारखा रडतोस' म्हणतो का? असं असेल तर तिथं कितीही पदकं भिंतीवर टांगलेली असोत, घालू नका. पालकांना आत बसू देत नसतील तरीही नको. या कलांमध्ये शिक्षकाला मुलाच्या अंगाला हात लावावा लागतो. म्हणून दार उघडं, पालक हजर, आणि कुठल्याही मुलाला एकटं थांबवून घ्यायचं नाही, हा नियम कोणावरही संशय न घेता सगळ्यांसाठी सारखा असला पाहिजे.

पट्ट्यांबद्दल थोडंसं. लहान मुलांना रंग बदलण्याचा आनंद असतो आणि त्यात गैर काही नाही. पण वर्षा-दोन वर्षांत ब्लॅक बेल्टची हमी देणारा वर्ग मुलापेक्षा परीक्षेच्या फीकडे बघतोय असं समजावं. सोलमधली कुक्कीवॉन ही तायक्वांदोची जागतिक संस्था पंधरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांचा ब्लॅक बेल्ट, म्हणजे 'दान', देतच नाही. त्यांच्यासाठी 'पूम' ही वेगळी श्रेणी आहे. मूल मोठ्यांच्या बरोबरीचं झालं असं ती संस्थाच मानत नाही.

आणि शस्त्रं. २०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला, आणि वळसंगहून पुढं अक्कलकोटला गेलं की राजवाड्याच्या शस्त्रसंग्रहालयात मुलांचे डोळे विस्फारतात. ती उत्सुकता जपावी. पण पाच-सहाव्या वर्षी हातात लेझीम किंवा हलकी काठी पुरे. पात्याच्या शस्त्रासाठी मनगट आणि डोकं दोन्ही बरीच मोठी व्हावी लागतात.

७. सोलापूरला न्यायचं का?

गावात वर्ग नसेल तर सोलापूर गाठायचं का? वेळ मांडून बघा. वर्ग सहा ते सात. सव्वापाचला वळसंगहून निघायचं, परत यायला आठ. जेवण, गृहपाठ, अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत साडेनऊ. सकाळी साडेसहाला उठायचं म्हणजे झोप नऊ तास. पाच वर्षांच्या मुलाला किमान दहा तास लागतात. म्हणजे वर्गाच्या दर दिवशी तासभर झोप कमी. आठवड्यातले तीन दिवस धरले तर तीन तासांच्या शिकवणीसाठी मूल सव्वाआठ तास घराबाहेर. मुलांची झोप होत नाही म्हणूनच २०२४ मध्ये राज्य सरकारनं चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. तीच झोप संध्याकाळच्या प्रवासात घालवण्यात अर्थ नाही. आठ-नऊ वर्षांच्या, स्वतःहून मागे लागलेल्या मुलासाठी हा खटाटोप करावा. पाचव्या वर्षी गावातली तालीम किंवा शाळेचं मैदान बरं.

८. 'तिला चार हात मारता आले पाहिजेत'

आजीची काळजी खरी आहे, पण इथं आपण स्वतःला फसवू नये. सहा वर्षांची वीस किलोची मुलगी कितीही सुंदर लाथ मारत असली तरी सत्तर किलोच्या माणसाला रोखू शकत नाही. तिला तसं वाटायला लावणं धोक्याचं आहे. त्या वयात तिला शिकवायचं ते वेगळं : मोठ्यानं ओरडणं, हात सोडवून माणसं असतील तिकडं पळणं, आणि घरी येऊन सांगणं, मग सांगायचं नाव कितीही ओळखीच्या माणसाचं असो. कारण लहान मुलांना त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक तिला पाठ असावा. समग्र शिक्षा अभियानातलं राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण सहावी ते बारावीच्या मुलींसाठी आहे, ही वयाची आखणी मला योग्य वाटते.

मग लहानपणी तिला घालूच नये का? जरूर घालावं. आपलं शरीर आपल्या हुकमात आहे, आवाज पोटातून काढता येतो, पडलं तरी उठता येतं, हे तिला सहाव्या वर्षी कळलं तर फार मोठं काम झालं. तालमीचं दार मुलींना पिढ्यानपिढ्या बंद होतं. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. गावच्या तालमीत मुलींसाठी वेगळी वेळ मागायला आता आई-वडिलांनी संकोचू नये.

९. आत्ता नको ठरलं तर, आणि घातल्यावर

लंगडीत तोल जातोय, 'शिवाजी म्हणतो'मध्ये हात आवरत नाहीत, तर थांबा. वर्ष वाया जात नाही. झाडावर चढणं, गोधडीवर कोलांटउड्या, पाठशिवणी, पोहणं, यांतून तेच अंग घडतं. आणि लेझीम आहेच. सोलापुरातल्या पाणीवेस, थोरला मंगळवेढा अशा तालमींची नावं आज अनेकांना गणेशोत्सवातल्या लेझमीमुळे ठाऊक आहेत. ताल धरायचा, शेजाऱ्याशी अंतर राखायचं, शिट्टी झाली की सगळ्यांनी एकदम थांबायचं : कराटेच्या पहिल्या सहा महिन्यांत याहून वेगळं फारसं शिकवत नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती फुकट मिळते.

घालायचं ठरलं तर वर्षाची फी एकदम भरू नका, गणवेशही लगेच घेऊ नका. पहिला महिना आठवड्यातून दोन दिवस, पाऊण तास पुरे. मांड्या दुखणं, गुडघ्याला खरचटणं, कधीतरी हिरमुसून येणं हे चालायचंच. पण वर्गाच्या वेळेलाच पोट दुखणं, रात्री दचकून उठणं, लहान भावंडावर डाव करून बघणं, अंगावरच्या वळाचं कारण न सांगणं, यांतलं काही पुन्हा पुन्हा दिसलं तर आधी वर्गात जाऊन बसा, शिक्षकांशी बोला. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर काढून घ्या. भरलेली फी बुडते म्हणून ढकलू नका. सात वर्षांचं झाल्यावर तेच मूल स्वतःहून विचारत येण्याची शक्यता बरीच असते.